घास जिथे पोचत नाही: यकृत, स्वादुपिंड आणि लाळग्रंथी पचनाच्या धड्यात कशा आल्या

तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या अन्नमार्गात यकृत नाही, पित्ताशय नाही, स्वादुपिंडही नाही. तरी पचनसंस्थेच्या आकृतीत हे अवयव असतातच, आणि बाण काढायला सांगितलं की नववी-दहावीची बरीच मुलं जठरातून यकृतात आणि तिथून आतड्यात असा रस्ता आखतात. या चुकीवर नुसती काट मारू नये. हे अवयव पचनात नेमकं काय करतात हे कळायला वैद्यांना आणि शरीरशास्त्रज्ञांना शतकं लागली. आधी नळ्या सापडल्या, मग त्यांतला रस, मग त्या रसाचं काम आणि सर्वांत शेवटी तो रस सुटण्याचा इशारा. धडा याच क्रमाने शिकवला तर मुलांचे बहुतेक गोंधळ वाटेतच सुटतात.

दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याच्या मते आतड्यातला अन्नरस शिरांवाटे यकृतात जातो आणि तिथे त्याचं रक्त होतं. सुश्रुतसंहितेतही आहारातून तयार झालेला रस यकृत आणि प्लीहेत येऊन रंगतो व त्याचं रक्त बनतं, असं म्हटलं आहे. एवढा मोठा, रक्ताने भरलेला अवयव पाहून असं वाटणं साहजिक होतं. 1622 मध्ये इटलीत गास्पारे आसेलीने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तेव्हा आतड्याच्या पडद्यात दुधाळ पांढऱ्या वाहिन्या दिसल्या. आज आपण त्यांना पयस्विनी म्हणतो. आसेलीला वाटलं, त्या यकृताकडेच जातात. 1651 मध्ये जाँ पेके या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं की हा पांढरा रस छातीतल्या एका वाहिनीतून मानेजवळच्या शिरेत उतरतो, यकृताला वळसा घालून. त्यानंतर दोनच वर्षांत डेन्मार्कच्या थॉमस बार्थोलिनने यकृताच्या नावाने चक्क मृत्युलेख लिहिला. त्याने घाई केली. पयस्विनींतून जातात ते मुख्यतः स्निग्ध पदार्थ. ग्लुकोज आणि अमिनो आम्लं रक्तात शोषली जाऊन आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या प्रवेशिका शिरेतून आधी यकृतातच पोचतात. म्हणजे बाण चुकवणाऱ्या मुलाचं अर्धं बरोबर असतं, आणि ते त्याला सांगायला हवं: यकृतात घास जात नाही, शोषलेलं अन्न जातं, तेही रक्तातून.

नळ्यांचा शोध याच काळातला. 2 मार्च 1642 रोजी पादुआत योहान गेओर्ग विर्सुंगला फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या स्वादुपिंडात लांबच लांब नळी सापडली. त्याने तिचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि छाप काढून युरोपभरच्या शरीरशास्त्रज्ञांना पाठवले. नळीत रक्त कधीच मिळत नव्हतं, त्यामुळे ती शीर की धमनी हेही त्याला ठरवता येईना. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. नळीचं काम त्याला कळलंच नाही. 1660 मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये नील्स स्टेन्सन मेंढीच्या डोक्याचं विच्छेदन करत होता. कानाजवळच्या ग्रंथीतल्या नळीत त्याने सळई सरकवली आणि ती दातांवर आपटल्याचा आवाज आला. लाळ तोंडात कुठून येते, त्याचा हा रोकडा पुरावा. ही नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आत उघडते. आरशात पाहिलं तर बारीकसा उंचवटा दिसतो, जिभेच्या टोकालाही लागतो. मुलांना तो शोधायला सांगावा. आकृतीतली ग्रंथी एकदम स्वतःची होते.

1664 मध्ये लायडनच्या रेनिए द ग्राफने कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पिसाच्या पोकळ देठाची नळी बसवून रस बाटलीत गोळा केला. त्याचे गुरू सिल्व्हियस यांच्या सिद्धांतानुसार तो आंबट असायला हवा होता, आणि त्याला तो आंबटच वाटला. प्रत्यक्षात स्वादुरस अल्कधर्मी असतो, सामू 8च्या आसपास. त्यातलं बायकार्बोनेट जठरातून आलेल्या आम्लाला उदासीन करतं. (हे प्रयोग जिवंत प्राण्यांवर आणि भूल नसलेल्या काळात झाले, हेही वर्गात लपवू नये.)

रसाचं काम कळलं ते एकोणिसाव्या शतकात. लाळेने स्टार्चची साखर होते हे 1831 मध्ये लॉइक्सने दाखवलं. या धड्यातला सर्वांत देखणा पुरावा मात्र क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा, 1840च्या दशकातला. माणसात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, एकाच जागी उघडतात, त्यामुळे कुणाचं काम कोणतं ते वेगळं करता येत नाही. सशात पित्त जठराच्या खालच्या तोंडाजवळ येतं आणि स्वादुरस बराच खाली, साधारण 30 सेंटिमीटर पुढे. स्निग्ध आहार दिलेल्या सशाच्या पयस्विनी स्वादुपिंडाच्या नळीच्या वर पारदर्शक आणि तिच्या खाली पांढऱ्या, असं बेर्नारला दिसलं. नुसत्या पित्ताने स्निग्ध पदार्थ शोषले जात नव्हते. पुढे त्याचाच शिष्य आल्बेर दास्त्र याने कुत्र्यावर उलटी रचना केली: पित्त स्वादुरसाच्या बरंच खाली सोडलं. आता पयस्विनी पित्ताच्या खालीच पांढऱ्या झाल्या. दोन्ही आकृत्या फळ्यावर शेजारी काढाव्यात आणि निष्कर्ष मुलांनाच काढू द्यावा. पित्तात स्निग्ध पदार्थ तोडणारं विकर नसतं. ते तेलाचे बारीक थेंब करतं आणि स्वादुरसातल्या लायपेज या स्निग्ध पदार्थ तोडणाऱ्या विकराला काम करायला जागा मिळते. पित्त तयार होतं यकृतात. पित्ताशयात ते फक्त साठतं आणि दाट होतं, तेही 30 ते 50 मिलिलिटर. म्हणूनच 1882 मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुखने पित्ताशय काढून टाकल्यावरही रुग्ण जगला.

लाळेने स्टार्च पचतं हे वर्गातही दाखवता येतं: स्टार्चच्या द्रावणात लाळ घालायची आणि थोड्या थोड्या वेळाने त्याचा थेंब आयोडीनने तपासायचा; स्टार्च असेल तर निळा रंग येतो. हा प्रयोग बिघडतो तो ठरलेल्या ठिकाणी. स्टार्च आधी थोड्या गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात ओतावं, नाहीतर गाठी होतात. द्रावण 1 टक्का पुरे. चूळ भरून घेतलेली लाळ दहापट पातळ करावी; तशीच वापरली तर पहिला थेंब तपासायच्या आत स्टार्च संपलेलं असतं. आयोडीन गरम द्रावणात टाकू नये, स्टार्च असूनही निळा रंग उडतो. उकळून गार केलेल्या लाळेची दुसरी नळी ठेवावीच आणि दोन्ही नळ्यांना ड्रॉपर वेगळे असावेत.

इशाऱ्याचा शोध सर्वांत नंतरचा. आम्ल आद्यांत्रात आलं की स्वादुरस सुटतो तो चेतांमुळे (मज्जातंतूंमुळे), असं रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगशाळेचं मत होतं. 16 जानेवारी 1902 रोजी लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या सगळ्या चेता तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं. तरीही स्वादुरस आला. मग आतड्याचं अस्तर खरवडून त्यांनी ते वाळू आणि आम्लाबरोबर खललं, गाळलं आणि शिरेत टोचलं. पुन्हा रस सुटला. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं, आणि 1905 मध्ये स्टार्लिंगने अशा द्रव्यांसाठी हॉर्मोन हा शब्द वापरला. पावलोव्हनेही नंतर हे मान्य केलं.

इथे मुलांना सिक्रेटिनचा प्रवास काढायला सांगावा. बहुतेक जण आद्यांत्रापासून शेजारच्या स्वादुपिंडाकडे थेट बाण मारतात, कारण आकृतीत ते चिकटलेलेच दिसतात. खरा रस्ता आतड्याच्या रक्तवाहिन्यांतून यकृत, मग हृदयाची उजवी बाजू, फुप्फुसं, डावी बाजू, महाधमनी आणि तिथून स्वादुपिंड असा आहे.