टोन हवेत सांडत नाही, तो केबलमध्ये घडत होता

गेल्या गणपतीत आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत सांस्कृतिक कार्यक्रम होता आणि माझा भाचा गिटार वाजवणार होता. आदल्या वर्षी नाचणाऱ्या पोरांच्या पायात केबल अडकून पिनच उपटली गेली होती, म्हणून यंदा त्याने चारेक हजारांचा एक छोटा वायरलेस घेतला, म्हणजे केबलऐवजी रेडिओ लहरींवर आवाज पाठवणारा संच. अंगठ्याएवढ्या दोन डब्या, एक गिटारमध्ये खोचायची, दुसरी (रिसीव्हर) आवाजाला इफेक्ट देणाऱ्या पेडलमध्ये, तिथून सरळ मिक्सरला. साऊंड चेकला त्याने दोन कॉर्ड्स वाजवल्या आणि साऊंडवाले दादा लगेच म्हणाले, "काढ ते, वायरलेसमध्ये टोन मरतो, अर्धा आवाज हवेतच सांडतो." पोराने काढलं, जुनी वीस फुटी केबल लावली, आणि खरंच आवाज परत जाड आणि गोड झाला.

दादांचा कान शंभर टक्के बरोबर होता, फरक मलाही ऐकू आला. पण कारण साफ उलटं आहे. वायरलेसने आवाजातलं काही खाल्लं नव्हतं, इतकी वर्षं केबल खात होती आणि आपल्याला त्या खाल्लेल्या आवाजाची सवय झाली आहे. हे मला इतकं सुंदर वाटतं की आज जरा खोलात जाऊन सांगतो.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते, फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेलं तेच शाळेतलं तत्त्व. पण इतके वेढे घातले की कॉइलचा एक स्वभाव ठळक होतो, तो म्हणजे इंडक्टन्स. कॉइलला करंटमधला बदल आवडत नाही, आणि बदल जितका झटपट तितका तिचा विरोध जास्त. साध्या सिंगल कॉइल पिकअपचा इंडक्टन्स २ ते ३ हेन्री असतो, जो खूपच मोठा म्हणायचा.

आता केबलकडे या. मधे एक तार, तिच्यावर प्लॅस्टिक, आणि त्यावर जाळीचं शील्ड. दोन धातू आणि मधे इन्सुलेटर म्हणजे काय, तर कपॅसिटर, वीज साठवणारा भाग! त्याची साठवायची क्षमता म्हणजे कपॅसिटन्स, ती फॅरडमध्ये मोजतात. बारावीच्या पुस्तकात दोन पट्ट्या समोरासमोर दाखवतात तेच इथे लांबच लांब गुंडाळून ठेवलंय. साधारण गिटार केबलचा हिशोब मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास पडतो, म्हणजे सहा मीटरला ६००. आकडा नगण्य वाटतो, पण समोर अडीच हेन्रीची कॉइल आहे, आणि कॉइल आणि कपॅसिटर एकत्र आले की त्यांचा झोपाळा होतो, ऊर्जा एकदा याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे. प्रत्येक झोपाळ्याला स्वतःची लय असते, तशी यालाही एक ठरलेली फ्रीक्वेन्सी असते, आणि ती काढायचं सूत्र म्हणजे १ भागिले, दोन π (पाय, ३.१४) गुणिले इंडक्टन्स-कपॅसिटन्सच्या गुणाकाराचं वर्गमूळ. अडीच हेन्री आणि ६०० पिकोफॅरड टाकून बघा, उत्तर येतं साधारण ४१०० हर्ट्झ.

म्हणजे गिटारला केबल लावली की ४ किलोहर्ट्झच्या जवळ आवाजाला एक टेकडी येते, म्हणजे तिथला आवाज उचलला जातो, आणि टेकडीच्या पलीकडे सरळ उतार, वरचं ट्रेबल (बारीक, टोकदार आवाज) गायब. आपला कान ३ ते ४ किलोहर्ट्झला सगळ्यात तिखट असतो, म्हणून ही टेकडी आपल्याला 'टोन' वाटते. आता केबल काढून पिकअपला लगेच वायरलेसची डबी लावली तर उरतो फक्त कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स, समजा १०० पिकोफॅरड, आणि टेकडी सरकते १० किलोहर्ट्झपर्यंत. (व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब तिला थोडं दाबतात, ते गणित इथे सोडून देतो.) त्यामुळे आधी कधीच न ऐकलेलं वरचं सगळं ट्रेबल बाहेर येतं, तारेवरून बोट सरकल्याची चरचर, प्लेक्ट्रमचा (तारा छेडायच्या चकतीचा) टकटक, सगळं. गिटार अँपचा (ॲम्प्लिफायरचा) १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही म्हणून तिथे फरक कमी कळतो, पण भाचा अँपशिवाय थेट मिक्सरला गेला होता आणि सोसायटीचे स्पीकर सगळं वाजवतात, म्हणून चिरका वाटला.

हे पटत नसेल तर ॲक्टिव्ह बास गिटार घेऊन बघा, ज्यात ९ व्होल्टची बॅटरी असते. त्यात पिकअपच्या मागेच एक प्रीअँप, म्हणजे छोटा ॲम्प्लिफायर, बसवलेला असतो जो केबलचा कपॅसिटर सहज पेलतो, म्हणून त्याला केबल लावा की वायरलेस, टोन तोच राहतो. हवेत सांडत असता तर तिथेही सांडला असता ना!

आणि हवेत जातं तरी काय? डबी आत येणाऱ्या व्होल्टेजचं सेकंदाला ४८ हजार वेळा माप घेते (स्वस्त डब्यांतही हाच किंवा ४४,१०० आकडा दिसतो) आणि २४ बिटच्या हिशोबाने आकडे करून पाठवते. आकडा पोचला तर जसाच्या तसा पोचतो, नाही पोचला तर नाही. बिघाड झाला तर आवाज तुटतो, टपटप होतं, पूर्ण गायब होतो, पण 'थोडा पातळ टोन' असा बिघाड यात होऊच शकत नाही.

भाच्याच्या गिटारचा इलाज आम्ही लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या ४७० पिकोफॅरडच्या सिरॅमिक कपॅसिटरने केला. गिटारच्या सॉकेटवर सिग्नल आणि ग्राउंडच्या मधे तो सोल्डर केला, सोबत एक छोटा स्विच लावला म्हणजे केबल वापरताना बंद करता येतो. दोन-चार रुपयांत केबलचा टोन परत. काही डब्यांमध्ये हेच 'केबल टोन' नावाच्या बटणात मिळतं. सोन्याची पिन आणि ऑक्सिजनमुक्त तांबं सांगून हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या केबलबद्दल विचाराल तर आधी मीटरला किती पिकोफॅरड ते विचारा. विक्रेत्याकडे तो आकडा नसेल तर बाकीच्या गोष्टी ऐकू नका.

वायरलेसची खरी अडचण वेगळीच आहे. या स्वस्त डब्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, जो पट्टा भारतात कमी पॉवरच्या उपकरणांसाठी २००५ पासून बिनालायसन्स आहे, म्हणून तिथे वायफाय, ब्लूटूथ सगळेच घुसलेत. पूर्ण पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा आणि वायफायचे एकमेकांना न चिकटणारे चॅनेल फक्त तीन, १, ६ आणि ११. तीस मजली टॉवरच्या पोडियमवर उभं राहून फोनमध्ये वायफायची यादी उघडा, संपणारच नाही. वर २.४ गिगाहर्ट्झची लाट साडेबारा सेंटिमीटरची, आणि आपलं पाण्याने भरलेलं शरीर ती चांगली शोषतं. रिकाम्या मांडवात साऊंड चेक मस्त होतो आणि संध्याकाळी चारशे माणसं त्यांचे चारशे फोन घेऊन आली की आवाज तुटायला लागतो, ते यामुळे. रिसीव्हर मागे मिक्सरच्या टेबलावर ठेवू नका, स्टेजवर चार-पाच मीटरवर, समोर दिसेल असा ठेवा, आणि तिथून मिक्सरला वायर न्या. स्टेजवरच्या सगळ्यांचे हॉटस्पॉट बंद.

लेटन्सीची, म्हणजे आवाज पोचायला लागणाऱ्या उशिराची, काळजी करू नका. या डब्यांना ५ मिलिसेकंद लागले असं धरलं तर तेवढ्यात आवाज हवेत जेमतेम पावणेदोन मीटर जातो, म्हणजे अँपपासून दोन पावलं मागे सरकल्यासारखं. ब्लूटूथ हेडफोनमध्ये मात्र सहज १५०-२०० मिलिसेकंद जातात, त्यावर गिटार वाजवायचा नाद सोडा.

कार्यक्रमाच्या वेळी एक काकू मला म्हणाल्या की पोराच्या पोटाशी हे रेडिएशन नको. त्यांची काळजी मनापासूनची होती म्हणून नीट सांगतो, या लहरींच्या एका फोटॉनची (ऊर्जेच्या सगळ्यात छोट्या पुडीची) ऊर्जा साध्या दिव्याच्या प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा दोनेक लाख पट कमी असते, शरीरातले रासायनिक बंध तोडणं तिला शक्य नाही. डबीची पॉवर साधारण १० मिलिवॅट, खिशातला फोरजी फोन २०० पर्यंत जातो. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर विकत घेणाऱ्यांनी तर हे दोन आकडे आधी बघावेत.

जिवाला खरा धोका असतो तो मांडवातल्या अर्थिंगचा. गिटारच्या तारा केबलच्या शील्डमधून अँपच्या बॉडीला जोडलेल्या असतात, आणि माइक दुसऱ्या बोर्डावरून आलेला असतो. एकाचं अर्थिंग तुटलेलं असेल आणि तारांवर हात ठेवून ओठ माइकला लागले तर सर्किट तुमच्यातून पूर्ण होतं. १९७२ मध्ये स्कॉटिश गिटारिस्ट लेस्ली हार्वे असाच स्टेजवर शॉक बसून मरण पावला. १९७६ मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँडला किस या अमेरिकन रॉक बँडचा गिटारिस्ट एस फ्रेली याला शॉक बसला, तो वाचला, आणि त्यानंतर त्या बँडने केन शॅफर या इंजिनिअरने बनवलेला वायरलेस घेतला. वायरलेस लावला की गिटार आणि अँपमधला विजेचा रस्ताच उरत नाही, माझ्या मते हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे, टोन वगैरे नंतर.

केबलनेच वाजवणार असाल तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला आणि एक गिटारच्या तारेला लावा. शून्याच्या आसपास आकडा आला पाहिजे. वीस-तीस व्होल्ट जरी दिसले तरी माइकला हात न लावता आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि अँप आणि माइकचा मिक्सर दोन्ही एकाच बोर्डावरून घ्यायला सांगा.