मोझॅक आणि नेटस्केप: लेबल एकाचं, वीण दुसऱ्याची

सोलापुरातलं जुनं गिऱ्हाईक चादर हातात आली की आधी उलटी करून वीण बघतं. लेबल काय, कुठंही शिवता येतं. मोझॅक आणि नेटस्केप या जुन्या ब्राउझरांना एकच समजणाऱ्यांना मी हेच सांगतो.

मोझॅक आधीचा. इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी तो लिहिला. १९९३ साली तो लोकांपुढं आला. (पहिल्या ब्राउझरचा मान त्याचा नाही हं, तो टिम बर्नर्स-ली यांच्या १९९० च्या ‘वर्ल्डवाइडवेब’चा.) मजकुराच्या मध्येच चित्र दिसायचं आणि विंडोजवरही चालायचा, म्हणून मोझॅक घरोघरी गेला.

गल्लत पुढं झाली. अँड्रीसननं उद्योजक जिम क्लार्कबरोबर १९९४ त कंपनी काढली आणि बारसं केलं ‘मोझॅक कम्युनिकेशन्स’! विद्यापीठानं हरकत घेतली, तेव्हा तिची ‘नेटस्केप’ झाली. डिसेंबरात त्यांचा नॅव्हिगेटर आला. माणसं बरीचशी तीच, पण कोड पहिल्या ओळीपासून नवा. आतलं टोपणनाव तर ‘मोझिला’, म्हणजे मोझॅकला गिळणारा गॉडझिला (जपानी सिनेमातला अजस्र राक्षस).

वापरणाऱ्याला फरक लगेच कळे. मोझॅक अख्खं पान उतरेपर्यंत ताटकळत ठेवी. नेटस्केप मजकूर आधी वाचायला देई, चित्रं मागून भरत. मंद मोडेमच्या काळात एवढ्यावरच बाजी पलटली. कुकी, म्हणजे संकेतस्थळ तुम्हाला ओळखायला तुमच्या ब्राउझरात ठेवतं ती चिठ्ठी, हीही नेटस्केपच्याच घरची.

मग मोझॅकचा वारसा कुणाकडं? विद्यापीठाचा परवाना स्पायग्लास कंपनीकडं होता, तिच्याकडून तो मायक्रोसॉफ्टनं घेतला. म्हणून १९९५ च्या इंटरनेट एक्सप्लोररच्या माहितीच्या चौकटीत ‘एनसीएसए मोझॅकवर आधारित’ असं छापलेलं असे. गंमत पुढंच आहे: स्पायग्लासमध्ये ब्राउझरवर काम केलेल्या एरिक सिंक यांनी लिहून ठेवलंय, की आम्हीही कोड नव्यानंच लिहिला. म्हणजे नेटस्केपला मोझॅकची माणसं मिळाली, एक्सप्लोररला कागद. मोझॅकचं सूत दोघांतही नव्हतं.

नेटस्केपचं लेबलही पुढं असंच फिरलं. पानं पाठवणाऱ्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, नेटस्केप आपलं नाव ‘मोझिला’ सांगे. काही सर्व्हर चौकटींची (पडद्याचे भाग पाडून दिसणारी, ‘फ्रेम्स’ची) पानं फक्त ‘मोझिला’लाच देत, म्हणून एक्सप्लोररही स्वतःला मोझिला म्हणवू लागला. तुमच्या मोबाइलमधला क्रोम आजही सर्व्हरला ओळख सांगताना पहिला शब्द तोच उच्चारतो.