सैंधव खाल्लं म्हणून किडनी फसत नाही

रविवारी सकाळी इंदूरला पोह्यांच्या ठेल्यावर शेजारच्या काकू भेटल्या, पोह्यांवर मूठभर शेव, त्यावर जीरावन मसाला दोनदा मारून घेतला आणि मला म्हणतात, "अरे मला बीपी आहे ना, साधं मीठ बंदच केलंय मी, आता घरात फक्त सैंधव." जीरावनमधे काळं मीठ असतं हे तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितोय.

सैंधव म्हणा, काळं म्हणा, रीलमधलं महागडं गुलाबी म्हणा, सगळ्यात मुख्य माल सोडियम क्लोराइडच. बाकीची खनिजं चिमूटभर, आणि वरून त्यात बहुतेक वेळा आयोडीन नसतं. त्यापेक्षा दृष्ट काढायचं मीठ बरं, ते निदान पोटात तरी जात नाही!

आता माझा आवडता भाग. किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळते, त्यात अर्धा किलोहून जास्त सोडियम असतं, आणि त्यातलं ९९ टक्के ती परत आत ओढून घेते. नर्मदेचा नळ आला की आपण बादल्यासुद्धा भरून ठेवतो ना, तसंच, कारण माणसाच्या शरीराने मिठाची टंचाईच जास्त पाहिलीये. शेवटचं थोडं सोडियम ठेवायचं का सोडायचं हे अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन ठरवतं, ते किडनीतल्या बारीक नळीच्या शेवटच्या भागात सोडियम परत आत घेणारी दारं वाढवतं. खारट जास्त झालं की रक्तातलं सोडियम जरासं चढतं, मेंदू लगेच तहान लावतो आणि दुसऱ्या हार्मोनकडून किडनीला पाणी धरून ठेवायला लावतो, म्हणजे रक्ताचा खारटपणा जागेवर येतो पण पाणी वाढलेलं राहतं. हिशोब सोपा आहे, सलाइनच्या १ लिटर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे अंगात ९ ग्रॅम जास्तीचं अडकलं तर त्याच्यासोबत लिटरभर पाणी. सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, हादडून आल्यावर सकाळी माझा काटा पाऊण किलो जास्त दाखवतो, ती सगळी चरबी नसते.

मग हे उतरतं कसं? प्रेशर वाढलं की किडनी जास्त सोडियम लघवीतून टाकते. काहींची किडनी थोड्याच प्रेशरवर हे काम करते, काहींना तेवढंच मीठ काढायला बीपी बरंच चढवावं लागतं, आणि रोजच तसं झालं की धमन्या कडक होत जातात.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, लोणचं, पापड, नमकीन सगळं धरून. मीठ बदलायचंच असेल तर पोटॅशियमवालं बघा, चीनच्या ६०० खेड्यांत २० हजारांवर लोकांवर त्याची चाचणी झाली, २०२१ मधे निकाल आला, स्ट्रोक १४ टक्के कमी. पण किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, पोटॅशियम अंगात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. काकूंना कुठली गोळी चालू आहे ते विचारायचं राहिलंच.