पोरगं शेतात राबवलं की सरळ होतं म्हणे!

"पोरगं हाताबाहेर गेलंय ना, पाठवा गावाला, दोन महिने शेणघाण काढली की येईल वठणीवर" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, आणि वर कोणीतरी ठोकून देतंच की फॉरेनलापण असंच करतात. करतात हो, पण असं नाही करत.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ब्रूस्टरला ग्रीन चिमनीज म्हणून शाळा आहे, १९४७ पासूनची. मानसिक, वागणुकीच्या अडचणी असलेली मुलं तिथे शेळ्या, मेंढ्या, घोडे सांभाळतात, पण सोबत थेरपिस्ट असतात, स्पेशल टीचर असतात, नुसतं फावडं हातात देऊन सोडून देत नाहीत. नेदरलँड्समध्येपण अशी शेकडो केअर फार्म, म्हणजे लोकांना आधार द्यायला चालवलेली शेतं, आहेत.

राबवून सुधारायचा प्रयोग फ्रान्समध्ये झाला होता, १८४० मध्ये, मेत्रे नावाच्या गावात. पोरांची शेती वसाहत, लष्करी शिस्त. शेवटी १९३० च्या दशकात पेपरवाल्यांनी तिथल्या छळावर रान उठवलं आणि ती बंद पडली.

मग फरक कशाने पडतो? शेळीवर ओरडलात, धावून गेलात तर ती पळणार, विषय संपला. तिला जवळ आणायचं तर आवाज खाली आणा, हातात पाला धरा आणि गप उभे रहा. रागीट पोराला हे लेक्चर देऊन शिकवता येत नाही, शेळी मात्र लगेच दाखवते, आणि तेही टोमणा न मारता (आपल्याकडच्या काकांना हे जमत नाही). सगळ्यांना लागू पडतं असंही नाही, कुणाला जनावरांची भीती असते, आणि डिप्रेशनची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरला न विचारता बंद करून गावी धाडणं हा शुद्ध येडेपणा आहे.