चढ कुठंय ते आधी शोधा

मागच्या महिन्यात एका रविवारी पहाटे मी आणि माझा एक मित्र सायकलवरून पुण्याजवळच्या बोपदेव घाटाकडं निघालो होतो. कोंढवा सोडलं, येवलेवाडीच्या रस्त्याला शेजारी शेजारी चालवत होतो आणि सहज बघितलं तर त्याच्या मीटरवर २६ आणि माझ्या मीटरवर २५. हँडलला हँडल लावून चाललेल्या दोन सायकली, मग वेग वेगळा कसा? मित्र म्हणाला, "अरे तुझा सेन्सर गेलाय, नवीन घेऊन टाक." मी म्हटलं थांब, आधी बघू तरी.

मी दिवसभर ऑफिसात हेच काम करतो, सॉफ्टवेअर स्लो झालं की ते का स्लो झालंय ते शोधायचं, आणि तिथंही लोकांचा पहिला सल्ला हाच असतो, नवीन घ्या. मशीन बदला, रॅम वाढवा, नेट बदला. बऱ्याचदा पैसे जातात आणि त्रास तसाच राहतो, कारण बिघाड भलतीकडंच असतो.

आधी सायकलचं मीटर बघू, कारण ते समजायला सोपंय. हे मशीन वेग मोजतच नाही. ते फक्त चाकाचे फेरे मोजतं. स्पोकवर एक छोटं चुंबक असतं, फोर्कवर (चाक धरणाऱ्या दांड्यावर) सेन्सर, आणि जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये काचेच्या बारीक नळीत लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या असतात, चुंबक जवळून गेलं की त्या एकमेकींना चिकटतात आणि एक टिक जाते. मीटरला कळतं ते एवढंच, की आत्ता टिक आली आणि मागची टिक इतक्या वेळापूर्वी आली होती. बाकी सगळा हिशोब. एका फेऱ्यात चाक किती अंतर कापतं हा आकडा आपण सेटिंगमध्ये भरलेला असतो, त्याला वेळेनं भागलं की झाला वेग.

माझं मीटर मी जुन्या एमटीबीवरून (माउंटन बाइकवरून) काढून नवीन सायकलला लावलं होतं. जुनं चाक २६ इंची, त्याचा आकडा २०५० मिलिमीटर, तोच सेटिंगमध्ये राहिला होता. घरी आल्यावर पार्किंगमध्ये टायरवर व्हॉल्व्हपाशी खडूनं खूण केली, जमिनीवरही खूण केली, सायकलवर बसून (बसूनच करायचं, कारण वजनानं टायर दबतो आणि आकडा बदलतो) पूर्ण तीन फेरे सरळ पुढं गेलो आणि टेपनं मोजलं. ६ मीटर ३६ सेंटिमीटर. भागिले तीन, म्हणजे २१२० मिलिमीटर. २०५० ला २१२० नं भागा, ०.९६७ येतं, आणि २६ गुणिले ०.९६७ म्हणजे २५.१. सेन्सर अगदी ठणठणीत होता.

यातून मला सांगायचंय ते हे, की आकडा चुकतोय एवढं म्हणून थांबायचं नाही, तो कसा चुकतोय ते बघायचं. कायम एकाच प्रमाणात चुकत असेल, १० ला थोडा आणि ३० ला त्याच हिशोबात जास्त, तर चाकाचा आकडा चुकीचा भरलाय. वेग मधेच शून्य होत असेल किंवा अचानक निम्मा दाखवत असेल तर टिक हुकतायत, चुंबक सेन्सरपासून लांब सरकलंय, काही मिलिमीटरचा फरकसुद्धा पुरतो. आणि सपाट रस्त्यावर मधेच ८०-९० दाखवून परत खाली येत असेल तर एका फेऱ्याला दोन टिक जातायत किंवा बाहेरून काहीतरी विजेचा गोंधळ येतोय. म्हणजे चूक कशी दिसते तेच सांगतं की दुखणं कुठंय.

हल्लीचे ब्लूटूथ सेन्सर हबला (चाकाच्या मधल्या भागाला) बांधायचे असतात, चुंबकाची भानगड नाही. ते मीटरला दोन आकडे पाठवतात, आतापर्यंतचे एकूण फेरे आणि शेवटचा फेरा पुरा झाला ती वेळ. ती वेळ सेकंदाच्या १०२४ व्या भागात मोजलेली असते आणि तिला जागा १६ बिटांचीच, म्हणजे ६५५३६ झाले की परत शून्यापासून. ६५५३६ भागिले १०२४ बरोबर ६४. त्यामुळं एखाद्या ॲपमध्ये दर ६४ सेकंदांनी वेग वेडावाकडा उडी मारत असेल तर डोळे झाकून सांगा की लिहिणारा हे शून्य हाताळायला विसरलाय. याचंच एक भावंड चढावर भेटतं. ताशी ८ किलोमीटरला माझं चाक एक फेरा घ्यायला जवळजवळ एक सेकंद लावतं, आणि सेन्सर जर सेकंदाला चारदा माहिती पाठवत असेल तर चारातल्या तीन वेळा नवीन फेरा झालेलाच नसतो, मग भोळं सॉफ्टवेअर म्हणतं सायकल थांबली! आपण घाम गाळत चढतोय आणि स्क्रीनवर ८, ०, ०, ०, ८. सेन्सर खराब नाही, बॅटरी उतरलेली नाही, नवीन फेरा आला नाही आणि सायकल थांबली या दोन गोष्टी कुणीतरी एकच समजल्यात.

जीपीएसचं दुखणं वेगळं. फोन साधारण सेकंदाला एकदा जागा घेतो आणि मोकळ्या आकाशाखालीही ती काही मीटर इकडंतिकडं असते. उतारावर ४० नं जाताना सेकंदात ११ मीटर कापतो तेव्हा ते चालून जातं, पण चढावर सेकंदात सव्वादोन मीटरच कापतो, म्हणजे चूक आपल्या चालीपेक्षाही मोठी होऊ शकते. शेजारच्या दोन सेकंदांतली चूक बरीचशी सारखी असते आणि उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींच्या बदलावरूनही वेग काढता येतो म्हणून निभावतं. पण सदाशिव पेठेतल्या बोळात, जिथं सिग्नल भिंतींवर आपटून येतो, तिथला ट्रॅक बघा, वाड्यातून आरपार गेलेला दिसतो. कात्रजच्या बोगद्यात तर सिग्नलच नाही. आणि फोननं बॅटरी वाचवायला जागा कमी वेळा घेतल्या तर घाटातली वळणं तो सरळ रेषेनं कापतो, अंतर कमी भरतं आणि वेगही कमी दिसतो.

(जाता जाता, कारचा स्पीडोमीटर फोनपेक्षा जास्त वेग दाखवतो म्हणून बरेच जण फोनला चूक धरतात. यूएनच्या ३९ नंबरच्या नियमात कारच्या स्पीडोमीटरनं खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर मूळ मर्यादा दहा टक्के अधिक ४ किलोमीटर. खरे ८० असताना ९२ पर्यंत चालतं. त्यामुळं कंपन्या थोडा जास्तच ठेवतात.)

आता बोपदेवचा तो दिवस परत घेऊ. समजा ५ किलोमीटर चढ ८ नं चढलो आणि तेच ५ किलोमीटर ४० नं उतरलो. सरासरी किती? मित्र पटकन म्हणाला, २४. नाही. चढायला साडेसदतीस मिनिटं गेली, उतरायला साडेसात, एकूण ४५ मिनिटांत १० किलोमीटर, सरासरी १३.३. आता जीव धोक्यात घालून उतारावर ४० चे ६० केले तरी वाचतात अडीच मिनिटं. त्यापेक्षा चढावर ८ चे फक्त १० केले तर वाचतात साडेसात मिनिटं. कारण वेळ जातोय तो चढात. उतारावर कितीही कमाल केली तरी तिथं वाचवायला शिल्लकच साडेसात मिनिटं आहेत.

कॉम्प्युटरवाल्यांना ही गोष्ट कॉम्प्युटर घडवणारे इंजिनिअर जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये सांगितली. कामाचा एक भाग कितीही वेगवान करा, एकूण फायदा त्या भागात मुळात किती वेळ जात होता तेवढ्यापुरताच. सोपं आहे, पण स्क्रीनसमोर बसल्यावर भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

ओळखीतल्या एका दुचाकी शोरूममध्ये हेच झालं होतं. त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर, त्यात नोंदणी बाकी असलेल्या गाड्यांची यादी उघडायला १३ सेकंद लागायचे, रोज पन्नासदा उघडायची यादी. त्यांनी नवा कॉम्प्युटर आणला, दुप्पट वेगाचा. तरी साडेबारा सेकंद. मॅनेजर वैतागून म्हणाले, "अहो दादा, एवढे पैसे घातले आणि अर्धा सेकंद?" मी काही न बदलता फक्त प्रत्येक पायरीला वेळ छापायला लावली. निघालं असं, की जुन्या मशीनवर आकडेमोड आणि स्क्रीन रंगवणं मिळून होता एक सेकंद, उरलेले १२ सेकंद नुसतं वाट बघणं. यादीत ३०० गाड्या, आणि सॉफ्टवेअर एकेका गाडीसाठी दूरच्या शहरातल्या सर्व्हरला वेगळा प्रश्न विचारत होतं, एकेका फेरीला ४० मिलिसेकंद. ३०० गुणिले ४०, झाले १२ सेकंद. वाण्याकडून यादीतली एकेक वस्तू आणायला तीनशे वेळा जिना उतरायचा, तसं. ही फेरी अमुक एका मर्यादेखाली आणताही येत नाही, काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, पुणे ते दिल्ली सरळ रेषेत सुमारे १२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन १२ मिलिसेकंद तर निसर्गच घेतो. एकाच प्रश्नात तीनशे गाड्या मागवल्या, यादी सव्वा सेकंदात उघडली. आणि हा बदल जुन्या मशीनवरही तेवढाच चालला असता.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक चढ होता. एमएच १२ पासून सुरू करून पूर्ण नंबर टाकला की गाडी लगेच सापडायची, पण गिऱ्हाईक सांगतं ते शेवटचे चार आकडे, आणि ते टाकले की चक्र फिरत बसायचं. डेटाबेसमध्ये नंबर पहिल्या अक्षरापासून लावून ठेवलेले असतात. क्रमानं लावलेल्या एक कोटी नंबरांत प्रत्येक वेळी निम्मे बाद करत गेलं तरी २४ पावलांत नंबर सापडतो. पण शेवटून शोधायचं तर तो क्रम काही कामाचा नाही, आडनावांनी लावलेल्या टेलिफोन डिरेक्टरीत सगळे 'सुनील' शोधायला बसल्यासारखं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. शेवटचे चार आकडे वेगळ्या रकान्यात ठेवले, त्यांना वेगळा इंडेक्स (क्रमानं लावलेली सूची) लावला, प्रश्न मिटला.

गर्दीतला स्लोपणा मात्र यात बसत नाही, तिथं यंत्रणेत चूक नसते तरी रांग लागते. दसऱ्याला आणि पाडव्याला पुण्यात प्रत्येकाला मुहूर्तावरच गाडी हवी असते. समजा एका टेबलावर एका फाइलला सरासरी ६ मिनिटं लागतात, कधी तीन, कधी पंधरा, आणि लोक हवे तेव्हा येतात. टेबल निम्मा वेळ कामात असेल तर आल्यापासून काम होईपर्यंत सरासरी १२ मिनिटं. ८० टक्के वेळ कामात असेल तर ३० मिनिटं. ९० टक्क्यांना एक तास, ९५ ला दोन तास! सहा मिनिटांना जितका रिकामा वेळ उरतो त्यानं भागायचं, एवढाच हिशोब. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गणितज्ञ एरलांग यांनी १९०९ पासून अशा रांगांचं गणित मांडायला सुरुवात केली, आज सर्व्हरलाही तेच लागू पडतं. म्हणून कालपर्यंत नीट चालणारी साइट थोडी गर्दी वाढताच कोलमडते तेव्हा "आज काय बिघडलं" असं विचारून काही सापडत नाही, कारण काही बिघडलेलंच नसतं, ती आधीच ९० टक्क्यांवर उभी होती. तिथं दुसरं टेबल लावणं किंवा ६ मिनिटांची ४ मिनिटं करणं हाच उपाय.

शेवटचा किस्सा ई-सायकलचा, कारण त्यात नोंदणी आणि वेग एकत्र येतात. आपल्याकडं मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तर ती ई-सायकल मोटार वाहन धरत नाहीत, आरटीओची नोंदणी लागत नाही. म्हणून मोटर चालवणारा कंट्रोलर २५ ला मोटरचा जोर काढून घेतो. शेजारच्या काकांची ई-सायकल बाविसावरच जोर सोडायची. मेकॅनिकनं बॅटरी कमजोर सांगितली, बॅटरी बदलली, फरक शून्य. मी काकांना म्हटलं, "काका, आपण फोनवर वेग बघू." डिस्प्ले २५, फोन साडेबावीस. सेटिंग उघडलं तर चाक २९ इंची भरलेलं, सायकलचं चाक २६. २५ गुणिले २६ भागिले २९, बरोबर २२.४. आणि हे उलटं झालं असतं, मोठ्या चाकाला लहान आकडा, तर मोटर २८ च्या आसपास जोर देत राहिली असती आणि काकांना पत्ताही न लागता ती सायकल नोंदणी लागणाऱ्या गाड्यांत जाऊन बसली असती. सेटिंगमधल्या एका आकड्याला एवढी किंमत आहे, म्हणून विकणाऱ्यांनी तो गिऱ्हाइकासमोर तपासून द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

माझ्या मीटरमध्ये २१२० भरून परवाच्या रविवारी परत येवलेवाडीचा रस्ता धरला. माझा २६.०, मित्राचा २६.३. त्याचा मागचा टायर ठीक होता, सेन्सर असलेला पुढचा बोटानं दाबला तर चांगलाच आत गेला, हवा कमी म्हणजे चाक खरंतर थोडं लहान झालंय आणि मीटर मात्र अजून मोठ्या चाकाचा हिशोब लावतंय. येत्या रविवारी पंप घेऊन जातोय, हवा भरून परत शेजारी शेजारी चालवून बघणार आहोत.