घरगुती स्मार्ट कॅट फीडर

कॅट फीडर, घरगुती : ठरल्या वेळी, ठरल्या मापाने मांजराच्या वाटीत कोरडे खाद्य टाकणारे, मोबाइलवरून हाताळता येणारे आणि सुटे भाग आणून घरीच जुळवलेले यंत्र. खाद्याचा डबा, त्याखाली माप काढणारे चक्र, ते फिरवणारी मोटर, मोटरला हुकूम देणारा वाय-फायचा बोर्ड आणि खाली वाटी, एवढाच संसार. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत बहुतेक सामान मिळते. जुळणीला सुट्टीचा एक दिवस पुरतो. ते यंत्र भरवशाचे व्हायला मात्र महिना जातो.

पेरणीच्या पाभरीला बी सोडायचे चाडे असते, तसेच या यंत्राला वरचा डबा. पण चाड्यावर शेतकऱ्याची मूठ असते आणि दाणे सुटताहेत की नाही हे त्या मुठीला कळते. इथे मूठ मोटरची. ती फिरते एवढेच तिला ठाऊक, हातून काही सुटले का हे नाही. या यंत्राच्या बहुतेक तक्रारी इथूनच उगवतात.

आधी माप. मांजराची विश्रांतीतील ऊर्जेची गरज काढायला पशुवैद्य किलोतल्या वजनाचा पाऊण (0.75) घात घेऊन त्याला 70 ने गुणतात. 4 किलोच्या मांजराला हा आकडा सुमारे 200 किलोकॅलरी येतो. नसबंदी झालेल्या घरगुती मांजरासाठी त्याच्या 1.2 पट, म्हणजे 240 च्या आसपास धरतात. 100 ग्रॅममध्ये 380 किलोकॅलरी असलेले खाद्य असेल तर दिवसाला साधारण 60 ते 65 ग्रॅम. मांजर मुळात दिवसभर थोडे थोडे खाणारा प्राणी, त्यामुळे हे चार-पाच घासांत वाटणे त्याच्या प्रकृतीला मानवते. म्हणजे यंत्राने एका वेळी जेमतेम 12 ते 15 ग्रॅम टाकायचे. दर घासाला 3 ग्रॅम जास्त पडले तर दिवसाला चौथ्या-पाचव्या हिश्श्याने जास्त, आणि बोका सहा महिन्यांत उशीसारखा.

माप काढण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे कॉर्नफ्लेक्ससाठी मिळणारा, खाली चक्री असलेला डबा. त्याची मूठ काढून तिथे मोटर बसवायची. या चक्रीची पाती लवचीक असतात, हा तिचा मोठा गुण : दाणा पाते आणि भिंत यांच्यामध्ये सापडला तर पाते वाकते आणि दाणा निसटतो. हौसेने 3डी प्रिंटरवर काढलेली कडक चक्री त्याच जागी अडकून बसते. दुसरा प्रकार पीव्हीसी पाइपच्या टी-जॉइंटमध्ये फिरणाऱ्या मळसूत्राचा. माप अधिक नेमके, पण मोटर दणकट लागते. दोन्हींत एक खोड समान आहे. दाणे एकमेकांना टेकून डब्याच्या तोंडाशी कमान धरतात. वरून पाहावे तर डबा भरलेला, खाली चक्री रिकामी फिरतेय. उतार तीव्र ठेवणे आणि आसाला एक-दोन झिप टाय बांधून त्यांची शेपटे दाण्यांत ढवळत ठेवणे, हा त्यावरचा स्वस्त आणि हमखास उतारा.

मोटर निवडताना नवखे लोक एसजी90 हा 9 ग्रॅमचा चिमुकला सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर, घेतात. त्याच्या गिअरचे दाते नायलॉनचे. एखादा दाणा अडला की ते झिजून मोटर नुसती घरघरते. धातूच्या दात्यांचा एमजी996आर बरा. 28बीवायजे-48 ही स्टेपर, म्हणजे मोजून पावलापावलाने फिरणारी, मोटरही लोकप्रिय आहे, पण तिच्यात एक गंमत दडलेली आहे. एका फेऱ्याला 2048 पावले, असे सर्रास लिहिले जाते. तिच्या बहुतेक नगांत आतल्या गिअरचे दाते मोजले तर उत्तर 2038 च्या जवळ येते. आठ खणांची चक्री दर घासाला 256 पावले फिरवली की प्रत्येक वेळी सव्वा पाऊल जास्त. दिवसाला चार घास धरले तर 25 दिवसांत चक्री अर्धा खण सरकते आणि थांबताना खालचा खण अर्धवट उघडा राहतो. पहिले तीन आठवडे उत्तम चाललेले यंत्र मग ‘अचानक’ दाणे गाळू लागते. चक्रीवर लोहचुंबक आणि शेजारी चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवून दर फेऱ्याला शून्य जागा धरली की प्रश्न मिटतो.

बोर्ड म्हणून ईएसपी8266 किंवा त्याचा धाकटा पण ताकदवान भाऊ ईएसपी32 वापरतात. तो इंटरनेटवरून वेळ घेतो, आणि गोची तिथेच आहे. वीज जाऊन आली, राउटर अजून जागा झालेला नाही, तेवढ्यात बोर्ड सुरू झाला तर त्याच्या लेखी ती 1 जानेवारी 1970 ची मध्यरात्र असते. म्हणून डीएस3231 हे बटण-सेलवर चालणारे घड्याळ सोबत हवेच. घरातल्या तापमानात ते वर्षाला मिनिटभरच चुकते. वेळापत्रकही बोर्डातच असावे. 2016 साली अमेरिकेतील एका कंपनीच्या तयार फीडरांमागचा सर्व्हर काही तास बंद पडला आणि अनेकांच्या मांजरांच्या वाट्या रिकाम्या राहिल्या. वाटीतला घास परदेशातल्या सर्व्हरच्या मर्जीवर ठेवणे हा स्मार्टपणा नव्हे. टेलिग्रामवर निरोप धाडणारा बॉट किंवा घरातली उपकरणे हाताळणारे होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर जोडावे, पण कळवण्यापुरता आणि जादा घासापुरता. परदेशी राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते : न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये घड्याळ वर्षातून दोनदा तासभर सरकते, मांजराचे पोट सरकत नाही.

विजेचा लपंडाव वेगळ्याच तऱ्हेनेही छळतो. बोर्ड नव्याने सुरू होताना ‘सकाळचा घास राहिला’ असे समजून चक्री फिरवतो, आणि पाच वेळा वीज गेली-आली की पाच घास. शेवटचा घास किती वाजता दिला ही नोंद वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत लिहिली की हे थांबते. मोटर सुरू होताना ओढते तो करंट बोर्डाला उपाशी ठेवतो आणि बोर्ड रीसेट होतो. मोटरचा पुरवठा वेगळा, ग्राउंड मात्र एकच, आणि मोटरजवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पॉवर बँक लावली तर अनेक पॉवर बँका एवढ्याशा करंटला ‘काही जोडलेलेच नाही’ समजून स्वतःहून बंद होतात.

आता मुठीचा प्रश्न : पडले की नाही? चक्रीतून वाटीत उतरणाऱ्या घसरगुंडीच्या तोंडाशी इन्फ्रारेड किरण ठेवला की पडणारा प्रत्येक दाणा तो तोडतो, पण पीठ बसून काच मळते. वाटीखाली 1 किलोपर्यंत वजन मोजणारा लोडसेल आणि त्याचे माप बोर्डाला आकड्यांत देणारे एचएक्स711 मॉड्यूल हा उपाय सरस. घास टाकण्याआधी वजन, नंतर वजन, आणि फरक अपेक्षेपेक्षा कमी आला तर चक्री थोडी उलटी फिरवून पुन्हा प्रयत्न. तिसऱ्यांदाही काही पडले नाही तर फोनवर निरोप. लोडसेलचा आलेख बघण्यासारखा असतो : 14 ग्रॅमची सरळ उडी, मग पायऱ्यापायऱ्यांनी उतार, मध्येच पाव किलोचा सुळका, म्हणजे पंजा वाटीत आहे.

पंजा हा या यंत्राचा खरा परीक्षक. मोटरच्या आवाजाचा आणि जेवणाचा संबंध मांजराला लवकर उमगतो. त्यानंतर ते घसरगुंडीत हात घालून पाहते, डब्याला धडका देते, झाकणाच्या कडेला नखे लावते. नुसते दाबून बसणारे झाकण असेल तर शिंके तुटले नि बोक्याचे फावले. कडी लावावी, बूड फरशीला किंवा जड पाटाला स्क्रूने आवळावे, घसरगुंडीला पंजा पोहोचणार नाही असे एक वळण द्यावे. वाटी स्टीलची, प्रिंट केलेल्या प्लॅस्टिकच्या थरांच्या फटींत तेल आणि जंतू साचतात.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दाणे दमट होतात, चक्रीला चिकटतात आणि बुरशी धरतात. डब्यात दोन-तीन दिवसांपुरतेच भरावे, झाकणाला सिलिका जेलची पुडी लावावी. मुंग्यांसाठी जुनी युक्ती चालते : यंत्र पाण्याच्या परातीत, विटेवर. वायरी वरून आणाव्यात, नाहीतर मुंग्या तो पूल शोधतातच.

घरात दोन मांजरे असली आणि एक हावरे असले की ओळख पटवावी लागते. पशुवैद्य कातडीखाली बसवतात ती चिप 134.2 किलोहर्ट्झची; बाजारातला स्वस्त आरसी522 रीडर 13.56 मेगाहर्ट्झचा, तो ती वाचूच शकत नाही. गळपट्ट्याला 125 किलोहर्ट्झची टिकली आणि आरडीएम6300 रीडर असा जोड जमतो, मात्र तो काही सेंटिमीटरांवरूनच वाचतो. त्यामुळे मांजराला मान घालावी लागेल असा अरुंद दरवाजा करावा लागतो.

पहिल्या दिवशी दहा घास काढून प्रत्येक स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा आणि नवी पिशवी फोडली की पुन्हा, कारण दाण्याचा आकार बदलला की माप बदलते. सुरुवातीचे दोन आठवडे माणूस घरात असतानाच यंत्र चालवावे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तरी यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. म्हणून गावी जाताना यंत्र सुरू असले तरी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवतात. त्यांना रोज एकदा वाटी बघायची असते आणि पाणी बदलायचे असते.