मेल आला नाही असे वाटल्यास प्रथम क्वारंटाइन पाहावे

ज्या महाविद्यालयांची ईमेल व्यवस्था आमच्या देखरेखीखाली आहे, तेथील प्राध्यापक, कार्यालयीन कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्यासाठी हे माहितीपत्रक आहे. "मेल आलाच नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांचा मेल प्रत्यक्षात आलेला असतो, पण स्पॅम गाळणाऱ्या यंत्रणेने संशयावरून तो अडवलेला असतो. असे मेल जेथे ठेवले जातात त्या जागेला क्वारंटाइन म्हणतात. कोविडच्या काळात हा शब्द घरोघरी पोहोचला आणि येथेही त्याचा अर्थ तोच आहे: दोष सिद्ध झालेला नाही, परंतु खात्री पटेपर्यंत वेगळे ठेवलेले बरे.

जंक फोल्डर आणि क्वारंटाइन या दोन वेगळ्या जागा आहेत. जंक फोल्डर आपल्याच मेलबॉक्समध्ये असतो, तर क्वारंटाइन त्याच्या बाहेर असते. त्यामुळे आउटलुकमध्ये कितीही शोधाशोध केली तरी तेथे अडकलेला मेल सापडत नाही. आपले महाविद्यालय मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असेल, तर डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्याच सुरक्षा सेवेच्या संकेतस्थळावरील क्वारंटाइनच्या पानावर महाविद्यालयाच्याच खात्याने प्रवेश करून हे मेल पाहता येतात. गूगल वर्कस्पेस असेल, तर स्पॅम फोल्डर आपल्याला दिसतो. मात्र ॲडमिनच्या, म्हणजे ईमेल व्यवस्था सांभाळणाऱ्याच्या, क्वारंटाइनमध्ये गेलेला मेल आपल्याला दिसत नाही आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या ॲडमिनला विचारावे लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुदतीची आहे. जीमेलच्या स्पॅम फोल्डरमधील मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. मायक्रोसॉफ्टच्या मूळ स्पॅम धोरणात क्वारंटाइनची मुदत १५ दिवस आहे, ती महाविद्यालयाला जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत वाढवता येते आणि ती संपल्यावर मेल कोणालाही, अगदी ॲडमिनलाही, परत आणता येत नाही. हे पंधरा दिवस किती लवकर सरतात, हे आम्ही एका चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुटीत पाहिले. शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी कळवणारा मेल एका विद्यार्थिनीला सुटी लागण्याच्या सुमारास पाठवण्यात आला आणि तो अडकला. ती गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या आपल्या गावाहून परतली आणि महाविद्यालयाकडून चौकशी आमच्यापर्यंत आली, तेव्हा सतरावा दिवस उजाडला होता. मेलच्या वाहतुकीच्या नोंदीत प्रेषक, विषय आणि वेळ एवढे सगळे दिसत होते, मजकूर मात्र कायमचा गेला होता. पाठवणाऱ्या कार्यालयाने तो पुन्हा पाठवला म्हणून तिचा अर्ज वाचला. त्या महाविद्यालयात मेल अडकल्याचे कळवणारी क्वारंटाइनची सूचना पाठवण्याची सोय बंद होती आणि ती सुरू करा असे आम्ही आधीच सुचवायला हवे होते. ही सूचना दर चार तासांनी, रोज किंवा आठवड्याला पाठवता येते. आमच्या मते रोजची सूचना योग्य ठरते, कारण आठवड्याच्या सूचनेत मुदतीचा अर्धा भाग निघून जाऊ शकतो.

याच सूचनेच्या नावाखाली फसवणूकही होते, म्हणून येथे थोडे थांबून वाचावे. "आपले सात मेल अडकले आहेत, २४ तासांत सोडवा" असा मजकूर, खाली निळे बटण आणि प्रेषकाच्या जागी 'आयटी विभाग' असे नाव, हा त्याचा नेहमीचा साचा आहे. बटण दाबले की महाविद्यालयाच्या प्रवेशपानासारखे दिसणारे पान उघडते आणि तेथे टाकलेला पासवर्ड थेट भामट्याच्या हाती पडतो. नावावर न जाता पूर्ण पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे शेजारी ठेवली, तर मोबाइलच्या लहान पडद्यावर फरक लक्षात येत नाही. खरा उपाय सोपा आहे: क्वारंटाइनच्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये एकदा जतन करून ठेवावा आणि सूचना खरी असो वा खोटी, नेहमी तेथूनच आत जावे. चुकून पासवर्ड दिला गेल्यास संकोच न करता त्याच क्षणी तो बदलावा आणि आम्हाला कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

क्वारंटाइनमधील मेल सोडवण्यापूर्वी तो प्रिव्ह्यूमध्ये वाचावा. हा मेल आपल्याला अपेक्षित होता का, आणि तो आपल्याकडे काय मागतो आहे, हे दोन प्रश्न बहुतेक वेळा पुरेसे ठरतात. शंका राहिल्यास प्रेषकाला फोन करून विचारावे, परंतु मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे. रिलीज केलेला, म्हणजे सोडवलेला, मेल इनबॉक्समध्ये येतो. उघड फसवणुकीचा किंवा व्हायरसचा म्हणून पकडलेला मेल सामान्यतः फक्त ॲडमिनच सोडवू शकतो. हा निर्बंध अडचणीचा वाटला तरी तो सैल करावा, असे आम्ही कोणत्याही महाविद्यालयाला सांगणार नाही. त्याचप्रमाणे एका प्रेषकाचा मेल अडतो म्हणून त्याचे संपूर्ण डोमेन (पत्त्यातील @ नंतरचा भाग) सुरक्षित यादीत टाकू नये, कारण त्या डोमेनचे नाव वापरून आलेला खोटा मेलही मग विनातपासणी आत शिरू शकतो.

खरे मेल का अडतात, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. पाठवणाऱ्या संस्थेने एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या ओळख पटवणाऱ्या नोंदी नीट केलेल्या नसणे, हे एक मोठे कारण आहे. दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल जीमेल खात्यांना पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या आहेत. पासवर्ड लावलेली झिप फाइलही संशयास्पद ठरू शकते, कारण तिच्या आत काय आहे ते यंत्रणेला तपासता येत नाही. प्रबंध किंवा प्रकल्प अशा फाइलमधून पाठवण्याऐवजी ड्राइव्हवर ठेवून त्याची लिंक द्यावी. काही विद्यार्थी महाविद्यालयाचे मेल आपल्या खासगी खात्यावर आपोआप फॉरवर्ड करतात. अशा वेळी मेल मूळ सर्व्हरऐवजी दुसऱ्याच सर्व्हरकडून आल्यासारखा दिसतो, मेल कोणत्या सर्व्हरने पाठवला हे पाहणारी एसपीएफची तपासणी फसते आणि चांगला मेलही अडू शकतो. महाविद्यालयाचे खाते थेट मोबाइलवर जोडून घेतल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

न आलेल्या मेलबद्दल आमच्याकडे विचारणा करताना प्रेषकाचा पूर्ण पत्ता, पाठवल्याचा दिवस, अंदाजे वेळ आणि विषय एवढे चार तपशील द्यावेत. संशयास्पद मेल आम्हाला फॉरवर्ड करू नये. त्याचा स्क्रीनशॉट पुरेसा आहे. पासवर्ड मात्र कोणालाही, आमच्या माणसालाही, सांगू नये. तपासासाठी आम्हाला तो कधीही लागत नाही.